मॉरिशसला जाताना : आधी बेटाचा उतार समजून घ्या, मग हॉटेल निवडा

मॉरिशसच्या सहलीत पैसे वाया जातात ते बहुतेक एकाच चुकीने. लोक आधी फोटो बघून हॉटेल ठरवतात आणि बेट कसं आहे ते तिथे पोचल्यावर कळतं. जुलैत पूर्व किनाऱ्यावर खोली घेतलेली असते आणि आठवडाभर वाऱ्याने वाळू डोळ्यांत जाते. किंवा मुक्काम उत्तरेच्या टोकाला, बघायचं सगळं नैऋत्येला, आणि रोजचे तीन-चार तास गाडीत. बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर आणि रुंदीला ४५ किलोमीटर आहे, त्यामुळे ‘कुठेही राहिलं तरी काय फरक पडतो’ असं वाटतं. फरक पडतो, कारण हे ज्वालामुखीचं बेट आहे आणि मधोमध उंच आहे.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजायला सोपं जावं. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तबिंदूवरच्या (भूगर्भातून लाव्हा वर येत राहतो अशा जागेवरच्या) लाव्हारसातून तयार झाला, तोच तप्तबिंदू आज रीयुनियन बेटाखाली आहे, असं भूशास्त्र मानतं. भारताचा भूखंड उत्तरेला सरकत गेला आणि मागे बेटांची, बुडालेल्या कड्यांची माळ राहिली. मॉरिशस त्या माळेतलं उशिराचं अपत्य. वय सुमारे ऐंशी-नव्वद लाख वर्षं, आणि शेवटचा लाव्हारस सुमारे पंचवीस-तीस हजार वर्षांपूर्वीचा. आता इथे जागता ज्वालामुखी नाही. धगधगता डोंगर बघायचा असेल तर तो शेजारच्या रीयुनियनवर आहे. पण ते फ्रान्सचं बेट आहे आणि तिथले प्रवेशाचे नियम वेगळे, म्हणून मॉरिशसच्या तिकिटावर ‘एक दिवस तिकडे जाऊन येऊ’ असा बेत आखू नका.

घाटमाथा आणि पर्जन्यछाया

वारा वर्षभर मुख्यतः आग्नेयेकडून येतो. मध्यभागी क्युरपीपचं पठार साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. ढग तिथे अडतात आणि रिकामे होऊन पश्चिमेला उतरतात. म्हणजे क्युरपीप हे आपलं महाबळेश्वर आणि पश्चिम किनारा ही वाईची बाजू, फक्त दिशा उलटी. पठाराच्या ओल्या भागात वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आं फ्लाकच्या बाजूला हजाराच्याही आत. एकाच दुपारी क्युरपीपला स्वेटर आणि तासाभरावर समुद्रात पोहणं, हे इथे रोजचं आहे. म्हणून ‘आज पाऊस आहे’ म्हणून दिवस रद्द करू नका. पश्चिमेला उतरून बघा.

ऋतू आपल्या उलटे. मे ते ऑक्टोबर हिवाळा : किनाऱ्यावर दुपारी २४-२५ अंश, पठारावर रात्री चांगलाच गारठा, आणि वाऱ्याला सर्वांत जास्त जोर. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा : तीस अंशांच्या पुढे, दमट, आणि चक्रीवादळांचा काळ, त्यातही जानेवारी ते मार्च जास्त धोक्याचा.

यावरून मुक्कामाचं गणित सुटतं. जून ते सप्टेंबर जाणार असाल तर पश्चिम किनारा (फ्लिक आं फ्लाक, तामारां, ला गोलेत) किंवा वायव्य (त्रू ओ बिश, ग्रां बे). पूर्वेचा बेल मारचा किनारा सुंदर आहे, पण तो नोव्हेंबर-डिसेंबरसाठी ठेवा. शाळांच्या सुट्ट्यांचं बंधन नसेल तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दोन महिने सगळ्यांत सोयीचे : वारा कमी झालेला, पाणी कोमट होत आलेलं, वादळं अजून लांब.

सात रात्री असतील तर एकाच जागी काढू नका. चार रात्री पश्चिमेला आणि शेवटच्या तीन माएबूर किंवा ब्लू बे भागात. विमानतळ आग्नेय कोपऱ्यात आहे. माएबूर तिथून सहा-सात किलोमीटर, तर ग्रां बे सत्तरच्या आसपास. परतीचं विमान सकाळचं असेल तर याची किंमत कळते.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. तो विमानतळावर विनाशुल्क मिळतो. पण अधिकारी कागद मागतात आणि ते फोनवर नव्हे, छापून न्यावेत : परतीचं पक्कं तिकीट, पहिल्या ते शेवटच्या रात्रीपर्यंतच्या मुक्कामाची नोंदणी, आणि खर्चाची तयारी. माणशी दिवसाला १०० अमेरिकी डॉलर हा मापदंड धरून चला. रोख, कार्ड आणि बँकेचं विवरण मिळून तेवढं दाखवता आलं पाहिजे. दोन मुक्कामांच्या मध्ये एखादी रात्र रिकामी राहिली की नेमकी तीच विचारली जाते. नातलगांकडे उतरणार असाल तर त्यांचं निमंत्रणपत्र, पूर्ण पत्ता, फोन आणि ओळखपत्राची प्रत सोबत हवी. पासपोर्टला सहा महिन्यांची मुदत शिल्लक असू द्या. आगमनाचा ऑनलाइन सरकारी अर्ज निघण्यापूर्वी भरून त्याची पावती ठेवा. तो अर्ज फुकट आहे, त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं मधल्या दलालांची.

मुंबईहून थेट विमानाला सुमारे सहा तास लागतात. स्वस्त तिकिटं कधीकधी नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असतात. तिथे पीतज्वराचा (यलो फीवरचा) प्रश्न येतो. थांबा किती तासांचा यावर लसीचा दाखला लागतो की नाही हे ठरतं आणि भारतात परतताना पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. तिकीट घेण्याआधी नियम वाचा, कारण लस घेतल्यावर दाखला दहा दिवसांनी लागू होतो.

औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. झोपेच्या, मनःशांतीच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत इथला कायदा कडक आहे, काहींना आधी परवानगी लागते. ई-सिगारेट नेऊ नका. घरचे आंबे, कढीपत्ता, मिरच्यांचं बी, कुंडीतली रोपं, काहीच नाही. फळं, बिया आणि झाडं परवान्याशिवाय चालत नाहीत. बंद पाकिटातला चिवडा आणि खाकरा याला सहसा अडचण येत नाही, पण अर्जात खाद्यपदार्थ आहेत असं खरं लिहा.

विजेचे सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पायांचे, काही ठिकाणी युरोपीय गोल दोन पायांचे. आपला जाड तीन पायांचा प्लग बसत नाही. अ‍ॅडॉप्टर घरूनच घ्या. सामानात दोन गोष्टी विसरू नका : जाड तळव्याचे पाण्यातले बूट आणि पातळ रेनकोट. छत्री इथल्या वाऱ्यात टिकत नाही.

उतरल्यावर पहिला तास

घड्याळ दीड तास मागे करा. सिमकार्ड विमानतळावरच, पासपोर्ट दाखवून घ्या. मॉरिशियन रुपया साधारण दोन भारतीय रुपयांच्या जवळपास असतो, म्हणून किमती वाचताना घाईत फसगत होते : दोनशे म्हणजे चारशेच्या आसपास. फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय इथे चालू झालं आहे, पण सगळीकडे नाही. त्यात आंतरराष्ट्रीय व्यवहार भारतात असतानाच चालू करून ठेवा. बस, डालपुरीची गाडी आणि बाजार यांसाठी सुट्टे रोख लागतातच.

टॅक्सी घ्यायची तर बसण्याआधी भाडं ठरवा, आणि ‘गाडीला की माणशी’ हेही विचारून घ्या.

गाडी, बस, मेट्रो

वाहतूक डावीकडून, इंग्रजी अक्षरांतला भारतीय परवाना चालतो, भाड्याची गाडी सहज मिळते. मग चुकतं कुठे? पहिलं, गोल चौकांत. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं आणि ते खरोखर पाळलं जातं. आपल्यासारखं नाक घुसवलं तर अपघात ठरलेला. दुसरं, उसात. जून ते नोव्हेंबर-डिसेंबर गाळप हंगाम, रस्त्यावर उसाने भरलेले संथ ट्रक, आणि तोडणी न झालेल्या फडांमुळे तिठ्यावर काहीच दिसत नाही. नकाशाचं अ‍ॅप जवळचा रस्ता म्हणून कारखान्याच्या कच्च्या वाटेवर नेतं, तिथून मागे फिरा. तिसरं, अंधारात. जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. शामारेलचा घाट वळणांचा आहे, तो उजेडात उतरा. महामार्गावर कमाल वेग ताशी ११० किलोमीटर, गावांत बराच कमी, आणि वेग टिपणारे कॅमेरे सगळीकडे. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा आणि टायरचा व्हिडिओ काढा. अनामत रक्कम कापण्यावरून होणारे वाद त्यानेच मिटतात.

बस स्वस्त आहे आणि जवळपास प्रत्येक गावाला जाते. अडचण वेळेची : ग्रामीण भागात संध्याकाळी साडेसहा-सातनंतर भरवसा नाही. किनाऱ्यावर सूर्यास्त बघून बसने परतायचा बेत इथेच फसतो. पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रो २०२२ पासून पूर्ण धावते. भारताच्या आर्थिक साहाय्याने ती लार्सन अँड टुब्रोने बांधली. सकाळ-संध्याकाळ राजधानीचा रस्ता तुंबतो, तेव्हा गाडी क्युरपीप किंवा रोझ हिलला ठेवून मेट्रोने आत जाणं शहाणपणाचं.

पोर्ट लुईत बाजाराइतकाच वेळ आप्रवासी घाटाला द्या. १८३४ पासून जे सुमारे साडेचार लाख गिरमिटिया (कराराने आणलेले) मजूर या बेटावर उतरले, त्यांच्या नोंदणीची ही जागा. युनेस्कोने २००६ मध्ये तिला जागतिक वारसा मानलं. मुंबई बंदरातून आलेल्यांत कोकणपट्टीतले मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजही इथे आहेत, गणपती बसवतात आणि कोकणातल्या जाखडीला ‘झाकरी’ म्हणून नाचतात. गणेशोत्सवाची सार्वजनिक सुट्टी बहुधा भारतातल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते, म्हणजे दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाची. त्या दिवशी फ्लिक आं फ्लाकजवळच्या कास्कावेल गावाकडे जाणार असाल तर दुपारच्या आत पोचा आणि गाडी लांब लावा.

भाषेबद्दल एक गैरसमज : ‘तिथे सगळ्यांना हिंदी येतं.’ येत नाही. रोजची भाषा क्रिओल (फ्रेंचपासून घडलेली बोली), वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, कार्यालयात इंग्रजी. मराठी शाळेत शिकवली जाते, पण मराठी कुटुंबांतही घरची भाषा बहुधा क्रिओलच. ‘बोंझूर’ने सुरुवात करून इंग्रजीत बोला, काम होतं.

डोंगर : उंची कमी, निसरडेपण जास्त

सर्वोच्च शिखर ८२८ मीटर, म्हणजे सह्याद्रीत फिरलेल्याला आकडा किरकोळ वाटेल. इथे थकवा कमी आणि घसरणं जास्त. पाया तोच काळा पाषाण, पण वर तांबडी चिकणमाती आणि उष्ण कटिबंधातलं शेवाळ. आदल्या रात्री पाऊस पडला असेल तर चढू नका, वाट वाळायला एक दिवस द्या.

सुरुवात करायची तर ल पूस (८१२ मीटर). मोका-सेंट पिएरच्या बाजूने उसाच्या शेतांतून वाट निघते. जाऊन-येऊन अडीच-तीन तास धरा. शेवटची दहा-पंधरा मिनिटं खडकावर हात टेकवत चढावं लागतं. माथ्यावरून पोर्ट लुई थेट पायाखाली दिसतं. झुडपांत पिवळ्या गांधीलमाशांची पोळी असतात, म्हणून फांद्या झटकत जाऊ नका. विषारी सापांची मात्र भीती नाही.

ल मॉर्न (५५६ मीटर) हा नैऋत्य टोकाचा एकटा सुळका. गुलामीतून पळालेले लोक इथे आसऱ्याला राहत, म्हणून २००८ मध्ये तो जागतिक वारसा झाला. पहाटे प्रवेशद्वार उघडताच निघा, नऊनंतर उघड्या कातळावर ऊन असह्य होतं. माणशी दोन लिटर पाणी, खडबडीत तळव्याचे बूट, हात मोकळे. पहिला तास रुंद, सावलीची वाट आहे, तिथपर्यंत मुलं आणि ज्येष्ठ सहज जातात, आणि खाडीचं दृश्य तिथूनही उत्तम दिसतं. त्यापुढे वरच्या क्रुसापर्यंत उभा कातळ. हरिहरसारख्या कोरीव पायऱ्या किंवा खोबण्या नाहीत. चढताना जमलं म्हणून उतरताना जमेल असं धरू नका. जिथे ‘खाली कसं येणार’ हा विचार मनात आला तिथूनच परतावं. एकूण साडेतीन-चार तास.

पीतेर बोत डोंगराच्या माथ्यावरचा तोल सांभाळून उभा असलेला धोंडा बघून हुरूप येतो. तो दोर आणि जाणता वाटाड्या असल्याशिवाय नाही. लाव्हाच्या भुयारांचंही तसंच, छताचे दगड सुटे असतात.

न चढता ज्वालामुखी बघायचा तर क्युरपीपजवळचं त्रू ओ सेर्फ. कडेने फिरता येणारं गोल विवर, आता आत झाडी आणि तळाशी पाणी. सकाळी नऊच्या आत जा, नंतर ढग बसतात. ग्रां बासां म्हणजे गंगा तलाव हेही विवरातलं तळं. महाशिवरात्रीच्या आधीचे चार-पाच दिवस लाखो यात्रेकरू कावड घेऊन पायी येतात. दर्शन हेतू असेल तर जरूर जा, नसेल तर त्या दिवसांत दक्षिणेकडचे रस्ते टाळा. शामारेलची सात रंगांची माती हा बेसाल्ट कुजून उरलेल्या लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा खेळ. दुपारी बारा वाजता ती फिकी दिसते. सकाळी लवकर किंवा चारनंतर रंग उठतात.

समुद्र : प्रवाळाच्या आत आणि बाहेर

बेटाभोवती प्रवाळाची जवळपास अखंड भिंत आहे. लाटा तिच्यावर फुटतात, आत उथळ शांत पाणी राहतं. जिथे नदीचं गोडं पाणी येतं तिथे प्रवाळ वाढत नाही, भिंतीला खिंड पडते, आणि ओहोटीला आतलं सगळं पाणी त्या खिंडीतून बाहेर ओढलं जातं. बुडण्याचे प्रसंग घडतात ते अशा जागी. पांढऱ्या फेसाची रेघ जिथे तुटलेली दिसेल त्याच्या आसपास पोहू नका, आणि ओहोटीची वेळ हॉटेलात विचारून ठेवा. दक्षिणेला सूयाकजवळ ग्री ग्री इथे भिंतच नाही. खुल्या हिंदी महासागराची लाट कड्यावर आदळते. तिथे फक्त बघायचं, तेही ओल्या खडकावर न उतरता.

पाण्यातले बूट हवेत ते दगडमाशासाठी. ती दगडासारखी निपचित पडून असते, पाठीवरचे विषारी काटे पायात घुसतात. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंशांच्या, बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. उष्णतेने वेदना कमी होतात. तापमान आधी दुसऱ्याच्या हाताने तपासा, कारण सुन्न पाय भाजलेला कळत नाही. रुग्णवाहिकेसाठी ११४, पोलिसांसाठी ९९९.

ब्लू बे सागरी उद्यानात मास्क लावून प्रवाळ बघणं सकाळी करा, दुपारी वाऱ्याने पाणी गढुळतं. ल मॉर्नसमोरचा ‘पाण्याखालचा धबधबा’ हा वाळू उताराने सरकताना दिसणारा दृष्टिभ्रम आहे. तो फक्त हवेतून दिसतो, बोटवाल्याने दाखवतो म्हटलं तर हसून सोडा. तामारांच्या डॉल्फिन-सफरीत दहा बोटी एका कळपाला घेरतात. दिवसा ती जनावरं विश्रांती घेत असतात, त्यांच्यात उडी मारायला लावणारा बोटवाला घेऊ नका.

हॉटेलच्या पुढ्यातली वाळू सार्वजनिक असते. खाट त्यांची, किनारा सगळ्यांचा. त्यावरून चालत जायला कुणी अडवू शकत नाही.

खाणं

शाकाहारी माणसाचं पोट भरतं ते डालपुरीवर. पुरणपोळीच्या नात्यातली, पण तिखटामिठाची : आत हरभऱ्याच्या डाळीचा भुगा, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रुगाय आणि चटणी. जोडीनेच मिळते, ‘एन पेर’ म्हणायचं. ‘गातो पिमां’ म्हणजे डाळवड्याचा भाऊ. सकाळी गरम खा, दुपारी तो दगड होतो. ‘मो पा मांझ लाव्यां’ म्हणजे मी मांस खात नाही. पण तेवढ्याने मासे वगळले जातीलच असं नाही, म्हणून ‘पा पुआसों’ही सांगा. चिनी पद्धतीच्या बुलेतमध्ये (वाफवलेल्या गोळ्यांत) बहुधा मासे किंवा कोळंबी असते. ‘विंदाय’ गोव्याच्या विंदालूचं भावंड आहे, मोहरी-हळदीच्या आंबट मसाल्यातलं. मिरचीचा ठेचा लाल दिसतो आणि आपल्यालाही झोंबतो.

रविवारी दुपारनंतर दुकानं बंद होतात, पोर्ट लुई ओस पडतं. किराणा शनिवारी घ्या. माएबूरचा मोठा बाजार सोमवारी.

वादळाचा इशारा आला तर

इशारे १ ते ४ अशा चढत्या वर्गांत येतात. पहिल्या वर्गात सहल चालू ठेवता येते, पण गाडीत इंधन, दोन दिवसांचं पाणी आणि कोरडं खाणं, रोख रक्कम आणि पूर्ण भरलेली पॉवरबँक त्याच दिवशी करून घ्या, दुसऱ्या दिवशी दुकानांत रांगा लागतात. दुसऱ्या वर्गात मुक्कामी परता आणि विमान कंपनीचे निरोप बघा. तिसऱ्यात बस, कार्यालयं बंद, बाहेर पडायचं नाही. चौथ्यात वादळ अंगावर. मधेच वारा एकदम थांबला तर तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने तितकाच जोर उलट दिशेने येतो, तेव्हा धोका टळल्याची घोषणा होईपर्यंत दार उघडू नका.

वादळ नसतानाही मुसळधार पावसाचा इशारा तितकाच गंभीर घ्यावा. पोर्ट लुईच्या पाठीला डोंगर चिकटून आहेत, पाणी काही मिनिटांत रस्त्यावर येतं. ३० मार्च २०१३ च्या पुरात तिथे ११ जण गेले, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी गाड्या वाहून गेल्या. अशा वेळी भुयारी रस्ता आणि तळघरातलं पार्किंग सोडून उंचावर जा, गाडीचा मोह धरू नका. पाऊस ओसरल्यावर काही दिवस नळाचं पाणी उकळून प्या आणि डास दूर ठेवणारं मलम लावा, डेंग्यू इथेही होतो.

वादळाच्या महिन्यांत प्रवास असेल तर विमा घेताना ‘हवामानामुळे विमान रद्द’ हे कलम आहे का ते बघा. परतीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचं असेल तर एक दिवस हातचा ठेवा.

परतताना व्हॅनिलाचा चहा आणि गडद साखर घ्या, पण शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरच राहू द्या, ते नेणं गुन्हा आहे. शिल्लक राहिलेले मॉरिशियन रुपये तपासणीच्या आत शिरण्याआधी बदलून टाका, मुंबईत ते सहजी कुणी घेत नाही.